छपराला बांधलेला दोर

आमच्या घरात पंख्याच्या आधी दोर होता. काथ्याचा, मनगटाएवढा जाड, छपरातून खाली लोंबकळणारा. लालबागच्या चाळीचा सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर पन्हळी पत्रे, आणि त्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत असाच एक दोर. पत्रा ज्या लोखंडी हुकाने लाकडी वाशाला आवळलेला असतो, त्या हुकाच्या खालच्या वाकाला दोराचं टोक बांधलेलं. वारा पिसाळला की घरातल्या बाप्याने दोर धरायचा, पाय उचलायचे आणि अख्खं अंग टाकून लटकायचं. वारा पत्रा वर खेचणार, माणूस खाली खेचणार. जो आधी दमेल तो हरला.

खालच्या मजल्यांवरची माणसं याला ‘वरच्यांचा झोका’ म्हणायची. त्यांना हसायला काय जात होतं? त्यांच्या डोक्यावर आम्ही होतो.

बाबा रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके वाहायचे. आई हिंदमाताच्या दुकानांतून साड्या आणून फॉल-पिको करायची. पत्रा गळला आणि थेंब साडीवर पडला की रंग फुटायचा. एकदा एका दुकानदाराने तशी साडी आईच्या तोंडावर फेकली. ती पदरासारखी तिच्या डोक्यावरून खाली घसरली आणि दुकानातली माणसं हसली. आईने ती घडी घालून गल्ल्यावर ठेवली आणि आम्ही दोघी चालत घरी आलो. त्यानंतर छप्पर ठिबकायला लागलं की आई साड्यांवर प्लास्टिक टाकायची आणि स्वतः त्यावर पालथी पडायची. तिची पाठ भिजायची, साड्या नाही.

छप्पर गळलं की बाबांचा हात चालायचा. पत्र्याला मारून काय होणार, म्हणून मला मारायचे. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तसं होतं, म्हणून लिहिते.

मी शाळेत असताना एका दुपारी मोठं वादळ आलं. शेजारच्या खोलीतले काका, बंद पडलेल्या गिरणीत फिटर होते, ते दोराला लटकले होते. त्यांचा पत्रा उठला आणि दोरासकट त्यांना वर घेऊन गेला. हनुवटी वाशावर आपटली. आवाज आमच्या खोलीत आला, नारळ फोडल्यासारखा. ते खाली पडले तेव्हा त्यांचा जबडा जागेवर नव्हता. त्यानंतर मरेपर्यंत ते पेज पीत राहिले आणि कुणी हसवलं तर तोंड हाताने धरायचे.

काही दिवसांनी घरमालकाचा माणूस आला. चौकात उभा राहिला, कपाळावर हात धरून वर बघितलं आणि म्हणाला, “जुनाट छप्पर आहे. जाणारच होतं.” आणि गेला. जिना चढला नाही. मला राग काकांच्या जबड्याचा आला नाही एवढा त्या न चढलेल्या जिन्याचा आला.

मी शिकले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी इंजिनियर झाले आणि गिरगावातल्या एका सर्वेअरच्या ऑफिसात लागले. वादळानंतर विम्याचा दावा आला की पडलेल्या छपरावर चढायचं, नुकसान वाऱ्याने झालं की आधीपासूनच्या झिजेने, ते पाहायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. पहिल्याच वर्षी मला रे रोडच्या एका वखारीवर पाठवलं. बाबांच्या शेजारचीच वखार. बाबा काम टाकून बघायला आले. मी शिडीवर, खाली मालक शिडी धरून विचारतोय, “मॅडम, हलत नाय ना?” बाबांनी बिडी विझवली आणि शेजारच्या हमालाला म्हणाले, “माझां चेडू तां.” माझी मुलगी ती. बस, एवढंच. पण ते त्यांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला सांगितलं.

या कामात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात. हुकाभोवतीचं भोक गंजून मोठं झालं असेल तर त्याची कड तपकिरी असते, बोट लावलं की बिस्किटासारखी चुरते. तो दोष मालकाचा. आणि पत्रा वाऱ्याने फाडला असेल तर कड चमकते, बाहेर वळते, ब्लेडसारखी कापते. ते नुकसान विम्याचं.

चाळ भाडेकरूंच्या सोसायटीची झाली तेव्हा मी सभेत उभी राहिले आणि म्हटलं, छपराचा विमा काढा. अध्यक्ष तळमजल्यावरचे, पिठाच्या गिरणीवाले. भुवयांवर कायम पीठ.

“काय गं, आग लागेल, भूकंप होईल, वादळ येईल... शिकून आम्हाला शाप द्यायला आलीस काय?”

सगळे हसले. मागून एक म्हणाला, “मेल्यावर मिळतो ना तो?”

“तू मर आधी, मगे विचारूया,” आई बायकांच्या बाजूने म्हणाली. त्यावर जास्त हसले.

शेवटी हप्ता फक्त वरच्या मजल्याने भरायचा, या अटीवर ठराव झाला. आम्ही भरत राहिलो. गणपतीच्या वर्गणीला कुरकुर न करणारी माणसं विम्याच्या हप्त्याला माझ्या दारात येऊन शिव्या देऊन जायची. आमच्याच मजल्यावरची. पण भरायची.

आणि मग ते वादळ आलं.

सकाळपासून आभाळ शिसवी झालं होतं. जेवणं उरकेपर्यंत वाऱ्याने आवाज बदलला. आधी शिट्टी होती, मग कुणीतरी चाळीच्या कानाखाली वाजवावी तशा थपडा. समोरचं पिंपळाचं झाड रस्त्यावर आडवं झालं, त्याच्याखाली एक टेम्पो चेपला. मजल्यावरून एकच आरोळी फिरली, “दोर धरा!” आणि सगळ्या खोल्यांत माणसं लटकली.

बाबांनी साठी ओलांडली होती. मी म्हटलं, “मी धरते, तुम्ही बाजूला व्हा.”

“गप रव. मी सोडूचंय नाय.”

त्यांनी दोराचा वेढा दोन्ही तळहातांना घेतला आणि पाय उचलले. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. पत्रा आमच्या डोक्यावर श्वास घेतल्यासारखा वर जायचा आणि खाली आदळायचा. प्रत्येक वेळी गंज, माती, उंदरांच्या लेंड्या तोंडावर. एका खोलीतून किंकाळी आली, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. छप्पर एका टोकापासून उसवत आमच्याकडे येत होतं. शेजारचा पत्रा गेला तो मी भिंतीवरच्या फटीतून बघितला. खोलीत अचानक पांढरा उजेड पडला आणि तिथली बाई उघड्या आभाळाखाली पातेलं डोक्यावर धरून उभी राहिली.

आमचा पत्रा फाटला तेव्हा कापडाचा मोठा तागा फाटावा तसा आवाज झाला. बाबा आधी वर गेले, मी त्यांच्यासकट, माझे पाय जमिनीवरून सुटले. मग वरचा ताण एकदम संपला आणि आम्ही दोघं खाली आदळलो. बाबांचा खांदा शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर पडला. खांदा निखळलेला डोळ्यांना दिसत होता. वारा खोलीत उतरला. त्याने साड्यांचा गठ्ठा फोडला. लाल, हिरव्या, जांभळ्या साड्या सापासारख्या उठून आभाळात गेल्या. आई त्यांच्या मागे हात पसरून धावली, मी तिचे केस धरून तिला मागे ओढलं, कारण पत्र्याबरोबर पुढची भिंतही कोसळली होती. आमचा पत्रा चौकावरून उडत समोरच्या इमारतीच्या खिडकीत घुसला. काच, गज, कुंड्या, सगळं खाली. कुणी मेलं नाही. का मेलं नाही ते मला आजही सांगता येत नाही.

बाबांच्या हातांत दोर तसाच होता. तळव्यांची कातडी दोराला चिकटून आली होती.

वादळ गेल्यावर चाळीत माणसं एकमेकांवर तुटून पडली. वरून पाणी खालच्या मजल्यांत उतरत होतं आणि प्रत्येकाला त्यासाठी माणूस हवा होता, वारा नको होता. अध्यक्षांची पिठाची पोती लापशी झाली होती. त्यांनी चौकात आमच्याकडे बोट करून ओरडून सांगितलं, “वरचा मजला उतरवून टाकायचा. महापालिकेला मीच लिहून देतो. ह्यांना पाठवा ट्रान्झिटला, आमची तरी घरं वाचतील.”

ट्रान्झिट म्हणजे संक्रमण शिबिर. शहराच्या पार टोकाला. तिथे गेलेली माणसं परत आलेली आमच्या चाळीने बघितली नव्हती. फिटर काकांचा मुलगा जिन्यावरून सरळ अध्यक्षांच्या अंगावर गेला. पाच-सहा जणांनी सोडवेपर्यंत अध्यक्षांचं नाक फुटलं होतं, आणि पीठ आणि रक्त मिळून तोंडावर लगदा झाला होता.

मी मध्ये उभी राहून म्हटलं, “विमा आहे. सर्वेअर येऊन जाऊ दे. क्लेम पास झाला तर छप्पर नवं होईल. नाही झाला तर मजला उतरवा, मी स्वतः पहिली निघते.”

“सगळ्यांसमोर बोललीस हां,” अध्यक्ष नाक दाबून म्हणाले.

“सगळ्यांसमोरच बोलले.”

माझ्या ऑफिसला माझ्याच चाळीचं काम करता येत नाही, म्हणून सर्वेअर दुसऱ्या ठिकाणचा आला. सडपातळ, चष्मा, भिजलेले बूट. मला तो बरा वाटला, कारण जिना चढला. मी मजल्यावर आधीच बजावलं होतं: त्याला जागा दाखवा, पडलेलं दाखवा, आणि गप्प बसा. मला माहीत होतं आपली माणसं काय करतील. त्यांनी तेच केलं.

पहिल्याच खोलीत एकाने छाती काढून सांगितलं, “साहेब, हे बघा. ह्या दोराने आम्ही छप्पर धरून ठेवलं होतं. आमच्या वाडवडलांपासून धरतोय.” दुसऱ्या खोलीत दुसरा. तिसऱ्या खोलीत तर एका आजोबांनी दोर नव्हता तरी हवेत हात धरून, गुडघे उचलून, कसं लटकतात ते करून दाखवलं. अख्खा मजला कौतुकाने बघत होता. अशी मर्दुमकी सांगायला कधी कुणी साहेब मिळाला नव्हता.

सर्वेअरने वहीत लिहिलं. मी खांद्यावरून बघितलं नाही. मला ते वाक्य पाठ होतं. छप्पर आधीपासून सैल आहे हे विमाधारकास ठाऊक होते.

तो आमच्या खोलीत आला. बाबा गळ्यात हात अडकवून बसले होते, दोन्ही पंजांना बँडेज. ते उठले आणि म्हणाले, “साहेब, ह्यो माझो दोर.”

“काका,” तो अदबीनेच बोलला, “छप्पर घट्ट असतं तर दोर कशाला लागला असता? पिढ्यान्‌पिढ्या दोर आहे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सैल आहे. ही जुनी झीज झाली. मला हे वादळाच्या नुकसानीत धरता येणार नाही.”

आधी कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा फिटर काकांच्या मुलाने त्याची कॉलर धरली. शर्ट फाटला, चष्मा उडाला. मागून दुसऱ्याने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. “माझा बाप जबडा तुटून मेला, भडव्या! झीज म्हणतोस?” मी मध्ये घुसले. कुणाचा तरी कोपर माझ्या तोंडावर बसला, ओठ फाटला, दात हलला. मी त्या मुलाला भिंतीवर ढकललं आणि ओरडले, “मारा! मारा अजून! म्हणजे ट्रान्झिट आणि तुरुंग, दोन्ही एकदम मिळेल!”

हात खाली आले. माझ्या तोंडातलं रक्त हनुवटीवरून बाबांच्या दोरावर पडत होतं. बाबा माझ्याकडे बघत होते.

“शिकलंस ना?” ते हळू म्हणाले. “मगे बोल. रडतंस कित्या?”

मी रडत नव्हते. पण खाली बघितलं, आणि दोराच्या टोकाला बांधलेला हुक दिसला. वादळानंतर आम्ही सगळे दोराकडेच बघत होतो, कुणी टोकाकडे बघितलं नव्हतं. हुकाचं नट जागेवर होतं. वायसर जागेवर होता. आणि वायसरखाली पत्र्याचा एक तुकडा आवळलेला होता, तळहाताएवढा, फाटलेला. मी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा कापला.

मी दोर उचलून सर्वेअरच्या हातात दिला. त्याचा चष्मा आईने पदराने पुसून आणून दिला होता. एक काच तडकलेली.

“पत्रा सैल असता तर हुक भोकातून नुसता निघाला असता,” मी म्हटलं. “गंजलेला असता तर हा तुकडा चुरला असता. बघा, कड चमकते. हुक पत्र्यातून सुटला नाही, नट सुटलं नाही, माझ्या बापानेही सोडलं नाही. लोखंड फाटलं. आता दोराचं बोला. तुमच्या अटीत काय लिहिलंय? मालमत्ता वाचवायला विमाधारकाने वाजवी काळजी घ्यावी. बाबा, हात दाखवा.”

बाबांना बँडेज सोडता येईना. आईने सोडलं. तळव्यांवर कातडी नव्हती.

“ही आमची वाजवी काळजी,” मी म्हटलं. “ह्याच्याहून वाजवी कुठे मिळत असेल तर सांगा, आणून लावते.”

तो माणूस तेव्हा निघून जाऊ शकला असता. फाटका शर्ट, पाठीत गुद्दा, पोलीस ठाणं दहा पावलांवर. त्याने तुकडा उजेडाकडे धरला, बराच वेळ फिरवला.

“एका हुकाने एक खोली सिद्ध होते,” तो म्हणाला. “बाकीचे दाखवा. आणि उरलेल्या पत्र्यांची भोकं मला वरून बघायची आहेत.”

बाकीचे हुक राडारोड्याबरोबर चौकात गेले होते. विटा, काच, वासे, साड्यांच्या चिंध्या, सगळ्याचा कंबरेएवढा ढीग. आमचा मजला त्यावर तुटून पडला. हातमोजे कुणाकडे नव्हते. फिटर काकांचा मुलगा पहिला होता, काच लागून त्याची मनगटं लाल झाली होती तरी उपसत होता आणि प्रत्येक हुक मिळाला की आईबहिणीवरून शिवी घालून वर करायचा. थोड्या वेळाने अध्यक्ष फावडं घेऊन आले. नाकात कापूस. कुणाकडे न बघता म्हणाले, “सरका जरा. असं उकरतात का? कुत्र्यासारखं?”

मी आणि सर्वेअर वर गेलो. उघड्या वाशांवर पाय टाकत मी पुढे, तो मागे. वारा अजून पूर्ण मेला नव्हता. मध्येच त्याचा पाय घसरला, मी त्याचं मनगट पकडलं आणि तो काही क्षण चौकावर लोंबकळला. खालून आईचा आवाज आला, “पडान मरतलो गो तो! धर त्याका!” मी धरला. आमच्या मजल्याला धरता येतं, ते त्याला तेव्हा कळलं असेल. वर ओढून घेतल्यावर तो वाशाला मिठी मारून बसला, मग खिशातून पेन काढलं आणि मी बोट ठेवत गेले त्या एकेका भोकावर वाकून बघत राहिला. काही भोकं तपकिरी होती. ती मी लपवली नाहीत. बहुतेक चमकत होती.

खाली आल्यावर चौकातल्या फरशीवर हुक ओळीने मांडलेले होते. बहुतेकांच्या गळ्यात फाटक्या पत्र्याचा तुकडा. सर्वेअर उकिडवा बसून एकेक फोटो काढत गेला. शेवटी उठला, फाटलेली कॉलर नीट केली आणि फिटर काकांच्या मुलाला म्हणाला, “जबड्याचं मला माहीत नव्हतं.” तो मुलगा वळला आणि चहा आणायला गेला.

अहवालात काय लिहिलं ते नंतर कळलं. जिच्या पत्र्याची भोकं गंजलेली होती ती एक खोली आणि कोपऱ्यातला एक पट्टा त्याने वगळला. ते बरोबरच होतं, मीही वगळला असता. बाकी सगळं वादळात धरलं. विमा कंपनीने मध्ये दोनदा पत्रं पाठवून घोळ घातला, मी दोन्हींना उत्तरं दिली. बाबांचा खांदा बसला, पण ओंडके उचलण्याजोगा पुन्हा झाला नाही. आईच्या साड्या गेल्या त्या गेल्याच, सोसायटीच्या विम्यात त्या नव्हत्या. तिने मशीनला नवा पाय बसवून घेतला आणि हिंदमाताला पुन्हा गेली.

सोसायटीचा क्लेम मंजूर झाला. वरच्या मजल्याचं छप्पर लोखंडी सांगाड्यावर नवं बसलं. आमच्या मजल्यावरचं एकही बिऱ्हाड ट्रान्झिटला गेलं नाही. आता विम्याचा हप्ता अख्खी चाळ भरते, आणि आमच्या कुठल्याच खोलीत दोर नाही.